सलूनच्या भिंतीवरची लढाई

टेकडीच्या उतारावर धूर आणि धूळ एक झाली आहे. मधोमध एक लष्करी अधिकारी पाय रोवून उभा आहे. लांब केस, अंगात झालरी लावलेला हरणाच्या कातड्याचा पोशाख, डोक्यावर उगारलेली तलवार. त्याच्याभोवती काही शिपाई पडले आहेत, काही गुडघ्यावर बसून गोळ्या झाडताहेत. चहूबाजूंनी पिसांचे टोप घातलेले योद्धे चालून येताहेत. अगदी समोर, पाहणाऱ्याच्या नजरेला टाळता येणार नाही अशा जागी, मेलेल्या शिपायांच्या डोक्याची कातडी सोलली जाते आहे. मागे लांबवर नदीचं खोरं आणि तंबूंची वस्ती. या सगळ्यातून फिरत नजर खाली, चित्राबाहेरच्या कोऱ्या पट्टीवर आली की चित्राचं नाव वाचायला मिळतं: 'कस्टरची अखेरची लढाई'. मधोमध उभा असलेला अधिकारी तोच हा कस्टर, अमेरिकन सैन्याच्या सातव्या घोडदळाचा. आणि त्याच पट्टीवर कंपनीचं नाव: अनहॉयझर-बुश ब्रुइंग असोसिएशन, सेंट लुईस, मिसुरी.

म्हणजे ही बिअरची जाहिरात आहे. पण चित्रात बाटली नाही, पिंप नाही, फेसाळता ग्लासही नाही.

१८९६ साली सेंट लुईसच्या या कंपनीनं हे चित्र छापून घेतलं आणि आपली बिअर विकणाऱ्या गावोगावच्या सलूनवाल्यांना फुकट वाटलं. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या दीड लाखाहून जास्त प्रती देशभर गेल्या. रॉबर्ट टॅफ्ट या कॅन्ससच्या अभ्यासकानं १९४६ मध्ये या चित्राचा सगळा माग काढला. अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत जास्त सामान्य लोकांनी आणि सर्वांत कमी कलासमीक्षकांनी पाहिलेलं चित्र हेच असावं, असं त्याचं मत पडलं. मला ते पूर्ण पटतं. एकोणिसाव्या शतकातल्या बिअर कंपन्यांची चित्रं आपण जाहिराती म्हणून बाजूला सारतो. पण ज्यांच्या घरात एकही चित्र नव्हतं, ज्यांनी कलादालनाची पायरी कधी चढली नव्हती, त्या लाखो माणसांची चित्रांशी ओळख या भिंतींवर झाली. त्यांच्या देशाचा इतिहासही त्यांना इथेच दिसला.

सलून म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आरसा, कात्री आणि फिरती खुर्ची येते. अमेरिकेत त्या काळी सलून म्हणजे दारूचं दुकान, आणि त्याहून बरंच काही. लाकडाचा लांब कट्टा, त्याच्या पायथ्याशी पाय टेकायला पितळी दांडी, कट्ट्यामागे मोठा आरसा. शिकागो, मिलवॉकी, सेंट लुईस अशा शहरांत जर्मन, आयरिश, पोलिश, झेक कामगार आपापल्या वस्तीतल्या सलूनमध्ये जमत. घरं म्हणजे दोन कोंदट खोल्या, त्यात पाच-सात माणसं. अशा माणसाला संध्याकाळी बसायला उबदार, उजेडाची जागा एवढीच होती. तिथे आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र मिळे. पक्का पत्ता नसलेल्यांची पत्रं सलूनवाल्याच्या नावावर येत. पगाराचा चेक तिथेच वटे, कुठल्या कारखान्यात माणसं हवी आहेत ते तिथेच कळे. मागच्या खोलीत कामगार संघटनेची बैठक, वरच्या दालनात लग्नाची पंगत. बिअरच्या एका ग्लासावर जेवण फुकट ठेवण्याची रीत होती. ते जेवण खारट असे, म्हणजे तहान वाढावी. बायका बहुतेक आत येत नसत, आल्याच तर बाजूच्या वेगळ्या दारानं. पण घरची पोरं पत्र्याचा डबा घेऊन येत आणि बापासाठी बिअर भरून नेत. म्हणजे डबा भरेपर्यंत त्या भिंतीसमोर लहान मुलंही उभी राहत होती.

या भिंतीवर काय लागायचं ते ठरवणारा बहुतेक वेळा सलूनवाला नव्हता, बिअरची कंपनी होती. दुकान काढायला भांडवल लागे. परवान्याची फी, कट्टा, आरसा, ग्लास, खुर्च्या हा सगळा खर्च कंपनी करी, आणि बदल्यात सलूनवाल्यानं फक्त तिचीच बिअर विकायची. शिकागोसारख्या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सलूनचा मोठा हिस्सा असा कंपन्यांना बांधलेला होता. ग्लासांबरोबर आणि तबकांबरोबर चित्रंही येत. सलूनवाल्याला भिंत सजवायला दमडी खर्चावी लागत नसे, आणि गिऱ्हाइकाची नजर जिथे जाईल तिथे कंपनीचं नाव असे.

हे सारं एकाएकी सुरू होण्यामागे कारण होतं. पूर्वी बिअर गावातच तयार व्हायची आणि गावातच संपायची, कारण ती टिकत नसे. पिणारा भट्टीवाल्याला नावानं ओळखे, त्याला जाहिरात कशाला? १८७० च्या दशकात बर्फानं थंड ठेवलेले रेल्वेचे डबे आले, बाटलीतली बिअर गरम करून टिकवण्याची पद्धत रुळली. आता सेंट लुईसची बिअर टेक्ससपर्यंत जाऊ लागली. या घडामोडीतलं मोठं नाव अ‍ॅडॉल्फस बुश. हा १८३९ मध्ये जर्मनीत, माइन्झजवळच्या कास्टलमध्ये जन्मला, १८५७ मध्ये अमेरिकेला आला आणि सासऱ्याच्या, एबरहार्ड अनहॉयझरच्या, भट्टीत भागीदार झाला. बडवायझर ही बिअर त्यानं १८७६ मध्ये बाजारात आणली. भेटवस्तू द्यायची त्याची रीत खास होती. तो ओळखीच्या कार्डाऐवजी खिशातला चाकू देई. चाकूच्या मुठीत बारीक भोक असे आणि त्याला डोळा लावला की आत बुशचा चेहरा दिसे. परक्या गावात आपली ओळख चित्रानं पटते, हे या माणसाला पक्कं कळलं होतं. गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. चित्राला भाषा लागत नाही.

चित्रांचे प्रकार ठरलेले होते, आणि प्रत्येकाचं वस्तीशी वेगळं नातं होतं. एक, कारखान्याचं चित्र. पक्ष्यानं वरून पाहावं तसा सगळा आवार: विटांच्या इमारतींच्या रांगा, घोडागाड्या, रेल्वेचे डबे, आणि प्रत्येक धुराड्यातून निघणारा काळा धूर. चितारी हात सैल सोडून इमारती वाढवीत आणि धूर दाट काढीत. आज आपल्याला त्या धुरात प्रदूषण दिसतं. त्या काळच्या माणसाला त्यात काम दिसे, पगार दिसे. मिलवॉकीतला कामगार त्या चित्रात आपली खिडकी बोटानं दाखवू शकत होता.

दुसरा, गाम्ब्रिनस राजा. हा बिअरचा दंतकथेतला जनक: मुकुट, दाढी, हातात उंचावलेला पेला, पायाशी पिंप. जर्मन माणसाला तो घरचा वाटे. तिसरा प्रकार माझ्या सर्वांत आवडीचा: बोकड. आइनबेक या जर्मन गावच्या कडक बिअरचं नाव बव्हेरियात उच्चार बदलत बदलत 'बॉक' झालं, आणि जर्मनमध्ये बॉक म्हणजे बोकड. ही बिअर हिवाळ्यात घालून ठेवायची आणि वसंताच्या सुमाराला काढायची. अमेरिकेतल्या कंपन्या त्या वेळी बोकडाचं मोठं रंगीत चित्र सलूनला पाठवीत. कधी पिंपावर उभा राहिलेला, कधी ग्लास घेतलेला, कधी राजाच्या सोबतीला. खिडकीत बोकड दिसला की वस्तीला कळे, थंडी सरली, नवी बिअर आली. आपल्याकडे बाजारात आंब्याच्या पेट्या दिसू लागल्या की जो बदल जाणवतो, तसा.

चौथा प्रकार सुंदर स्त्रियांच्या चित्रांचा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त एवढंच की याच भिंतींवरून दारूबंदी मागणाऱ्या बायका पेटून उठल्या. कॅन्सस राज्यात १८८१ पासून दारूबंदी होती, तरी सलून उघडपणे चालत. २७ डिसेंबर १९०० रोजी कॅरी नेशन ही बाई विचिटा शहरातल्या कॅरी हॉटेलच्या बारमध्ये शिरली आणि तिनं पहिल्यांदा दगड फेकले ते बाटल्यांवर नव्हे, तर भिंतीवरच्या क्लिओपात्राच्या मोठ्या चित्रावर आणि आरशावर. ते चित्र बिअर कंपनीनं दिलेलं नव्हतं, जॉन नोबल या चित्रकारानं हॉटेलसाठी काढलेलं होतं. पण नवऱ्यांचा पगार आणि मुलांचं जेवण त्या दुकानांत जिरताना पाहिलेल्या बाईला भिंतीवरचं चित्र शत्रू वाटावं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. चित्राला इतकं वजन होतं, हेच त्यातून कळतं.

आता हे चित्र तयार कसं व्हायचं ते पाहू. आपल्याकडे याला शिळाछाप म्हणतात, आणि ते नाव अगदी नेमकं आहे. आलॉइस सेनेफेल्डर या म्युनिकमधल्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. तांब्याचे पत्रे परवडेनात म्हणून तो दगडाकडे वळला आणि १७९६ ते १७९८ या काळात त्यानं ही कला सिद्ध केली. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींत पिवळसर-करडा, अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड निघतो. त्याची जाड फरशी घोटून गुळगुळीत करायची. तिच्यावर मेणचट, तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, कारण कागदावर ते सुलटं उमटतं. मग डिंक आणि थोडंसं आम्ल यांचं मिश्रण लावायचं. त्यानं खडूचा तेलकटपणा दगडात मुरतो आणि कोरी जागा पाणी धरून ठेवू लागते. नंतर दगड ओला करायचा आणि तेलाच्या शाईचा रूळ फिरवायचा. पाणी असेल तिथे शाई बसत नाही, तेल असेल तिथे बसते. दगड कोरायचा नाही, खोदायचा नाही. तेल आणि पाण्याचं वैर, एवढ्यावर सगळी विद्या उभी आहे.

रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. आधी फिकट पिवळा, मग कातडीचा गुलाबी, मग तांबडा, निळा, तपकिरी, करडा, शेवटी काळा. आठ-दहा दगड तर लागायचेच, चांगल्या चित्राला त्याहून जास्त. तोच कागद प्रत्येक दगडावरून एकदा जाणार, आणि प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच जागी बसणार. त्यासाठी कडेला बारीक खुणा असत. केसभर सरकला की ओठाचा तांबडा रंग गालावर. चेहऱ्यावरची सावली कारागीर ठिपक्याठिपक्यांनी भरत. भिंग लावून पाहिलं तर एका गालावर चार रंगांचे शेकडो ठिपके दिसतात. दोन हात मागे सरकलं की तोच गाल जिवंत होतो. ही कामं करणाऱ्यांची नावं चित्रावर फार क्वचित असत. मला ही गोष्ट लागते.

याच बव्हेरियाच्या दगडांनी महाराष्ट्राच्या भिंतीही रंगवल्या. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची, मराठी इतिहासातल्या पुरुषांची रंगीत चित्रं घरोघर जाऊ लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीतून आली, कारागीर जर्मनीतून आले, त्यांतलाच फ्रिट्झ श्लायशर पुढे छापखान्याचा मालक झाला. लक्ष्मी म्हटल्यावर आपल्या मनात कमळावर उभी असलेली जी बाई येते, ती बऱ्याच अंशी या छापखान्यातून आली. नंतर तीच चित्रं साबणाच्या आणि लहान मुलांच्या खाद्याच्या जाहिरातींवर गेली, दुकानदारांच्या कॅलेंडरांवर गेली, आणि माणसांनी जाहिरातीचा मजकूर कापून त्यांना चौकट लावून देव्हाऱ्यात ठेवलं. फुकट आलेल्या चित्रानं मनात कायमची जागा घेण्याची ही गोष्ट आपल्या चांगल्या ओळखीची आहे. मुंबईतला छापखाना आणि कस्टरचं चित्र यांत अंतर आहे अवघ्या दोन वर्षांचं.

तर ते चित्र. कॅसिली अ‍ॅडम्स हा ओहायोच्या झेन्सव्हिल गावचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला चित्रकार. सेंट लुईसमध्ये त्यानं १८८० च्या दशकात कस्टरच्या अखेरच्या लढाईचं प्रचंड तैलचित्र काढलं, सुमारे साडेनऊ फूट उंच आणि साडेसोळा फूट लांब. गावोगाव तिकीट लावून ते दाखवायचं आणि पैसे मिळवायचे, असा बेत होता. तो फसला. चित्र सेंट लुईसच्याच एका सलूनवाल्यानं घेतलं आणि आपल्या दुकानात टांगलं. लोक पाहायला गर्दी करीत, पण सलूनवाला कर्जात बुडाला, आणि देणेकऱ्यांत अनहॉयझर-बुश कंपनी असल्यानं चित्र तिच्याकडे आलं. गर्दी कशासाठी होते हे बुशनं पाहिलं होतं. मूळ चित्र त्यानं कस्टरच्याच पलटणीला, सातव्या घोडदळाला, भेट दिलं, आणि छापण्याचं काम मिलवॉकीच्या लिथोग्राफिक कंपनीला दिलं.

तिथे ओटो बेकर होता. ड्रेस्डेनला जन्मलेला, तिथल्याच अकादमीत शिकलेला, १८७३ मध्ये अमेरिकेत आलेला. अ‍ॅडम्सची नुसती नक्कल न करता त्यानं १८९५ मध्ये नवं तैलचित्र केलं, साधारण दोन फूट बाय सव्वातीन फुटांचं. खोरं, नदी, वस्ती, समोरची कत्तल हे त्यानं आपल्या पद्धतीनं मांडलं. पुढे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की अनेक कारागिरांना एकाच वेळी रंगांचे साचे करता यावेत म्हणून त्याला ते चित्र कापून तुकडे करावं लागलं. आपल्या हातानं रंगवलेल्या चित्रावर आपणच सुरी चालवायची. छापखान्याच्या कामाची निकड काय असते, ते या एका गोष्टीत दिसतं. ते तुकडे त्यानं जपून ठेवले आणि नंतर ते पुन्हा जोडले गेले.

आणि खरी लढाई? ती २५ जून १८७६ रोजी माँटाना प्रदेशात, लिटल बिगहॉर्न नदीकाठी झाली. १८६८ च्या करारानं अमेरिकन सरकारनं ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटा या मूळ रहिवाशांचा म्हणून मान्य केला होता. १८७४ मध्ये कस्टरच्याच नेतृत्वाखालची मोहीम तिथे गेली, सोन्याची बातमी घेऊन आली, आणि खाणवाल्यांची रीघ लागली. करार कागदावर राहिला. लाकोटा, उत्तरेचे शायान आणि काही अरापाहो या जमातींचे लोक नदीकाठी वस्ती करून होते, तिच्यावर कस्टर चालून गेला. त्याच्याबरोबरच्या पाच तुकड्यांतले सुमारे २१० जण मारले गेले. पलटणीचे एकूण मृत अडीचशेवर गेले. पूर्वेकडच्या शहरांत बातमी पोचली ती देशाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या जल्लोषात. तो घाव अमेरिकनांच्या मनात फार खोल गेला.

चित्रातला कस्टर लांब केसांचा आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी त्यानं केस कापले होते. त्याच्या हातात तलवार आहे. पलटणीनं तलवारी पेट्यांत भरून मागे पावडर नदीच्या तळावर ठेवल्या होत्या. काही योद्ध्यांच्या हातांत तर आफ्रिकेतल्या झुलूंच्या धाटणीच्या लांबट ढाली आहेत. पण याहून मोठी चूक वेगळीच आहे. मागची ती वस्ती, जिथे बायका-मुलं होती, ती दूर, धूसर, नुसत्या शोभेपुरती आहे. हल्ला कुणी कुणावर केला होता, हे चित्र सांगत नाही. ते पाहणाऱ्याला वाटतं की मूठभर शूरांना क्रूर झुंडीनं घेरलं. शेकडो सलूनमध्ये, हजारो संध्याकाळी, पोलंडहून किंवा बोहेमियाहून आलेल्या माणसानं ग्लास हातात घेऊन हे पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं, वाद घातला, आणि आपल्या नव्या देशाची गोष्ट म्हणून मनात साठवलं. परक्या माणसाला अमेरिकन करण्याचं काम या चित्रानं केलं, यात शंका नाही. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. ज्या पलटणीला मूळ चित्र भेट मिळालं, तिनंच २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी इथे दीडशेहून जास्त लाकोटांना मारलं होतं, त्यात बायका आणि लहान मुलं होती. त्या दिवसाचं चित्र कुठल्या बिअर कंपनीनं छापून वाटल्याचं मला माहीत नाही. मी हे चित्र कौशल्यासाठी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी मला हे आठवतं.

लढाई पाहिलेल्या, लढलेल्या माणसानं काढलेली चित्रंही आहेत. रेड हॉर्स हा मिनिकाँजू लाकोटांचा एक पुढारी. १८८१ मध्ये शायान रिव्हर एजन्सीवर, आजच्या साउथ डकोटात, चार्ल्स मॅकचेस्नी या डॉक्टरनं त्याची हकिगत हातवाऱ्यांच्या भाषेत टिपून घेतली आणि त्याच्याकडून चित्रं काढून घेतली. जाड मॅनिला कागदावर ४२ चित्रं, पेन्सिल, रंगीत पेन्सिल आणि शाईनं. कागद जवळजवळ बेकरच्या तैलचित्राएवढे मोठे. त्याची हकिगत सुरू होते ती एका साध्या रोजच्या कामानं: तो आणि चार बायका वस्तीपासून थोड्या अंतरावर रानकंद खणत होते, आणि एकीला धुळीचा लोट दिसला. म्हणजे त्याच्या बाजूनं ही गोष्ट सैनिकांच्या शौर्यापासून सुरू होत नाही, जेवणाच्या तयारीपासून सुरू होते.

त्याच्या चित्रांत आधी वस्ती येते, तंबूंच्या रांगा. मग घोड्यांवरून येणारे सैनिक, एकासारखा एक. मग लढाई: कागद घोड्यांच्या टापांच्या खुणांनी भरून गेलेला. मग मेलेले सैनिक, मेलेले योद्धे, आणि कित्येक मेलेले घोडे, जखमांतून तांबडी धार लागलेली. दोन्हीकडचे मेलेले त्यानं काढले. शेवटी योद्धे निघून जातात. मधोमध उभा राहिलेला नायक एकाही चित्रात नाही. कस्टर कोणता, ते ओळखूही येत नाही. यांतली काही चित्रं १८९३ मध्ये एका सरकारी मानववंशशास्त्रीय अहवालात छापली गेली. तो अहवाल ग्रंथालयांत गेला. तीन वर्षांनी आलेलं बेकरचं चित्र सलूनमध्ये गेलं.

१९२० च्या जानेवारीत देशभर दारूबंदी आली आणि सलून बंद झाली. कट्टे विकले गेले, आरसे गेले, बरीच चित्रं चुलीत किंवा माळ्यावर गेली. बंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा कंपन्यांनी दुकानांना भेटी देऊन बांधून ठेवू नये म्हणून कायदे झाले. कस्टरच्या प्रती मात्र त्यानंतरही छापल्या जात होत्या. अ‍ॅडम्सचं मूळ तैलचित्र पलटणीच्या बदल्यांत गहाळ झालं, पुन्हा सापडलं, दुरुस्त झालं, आणि १३ जून १९४६ रोजी टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिसच्या अधिकाऱ्यांच्या क्लबला लागलेल्या आगीत जळालं.

रणभूमीचं 'कस्टर' हे नाव १९९१ मध्ये काढून 'लिटल बिगहॉर्न' केलं गेलं, आणि तिथे लढलेल्या मूळ रहिवाशांचं स्मारक २००३ मध्ये उभं राहिलं. रेड हॉर्सची चित्रं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत, आणि संगणकावरही पाहता येतात. बिअर कंपनीचं ते चित्र तुम्हाला कुठे जुन्या पुस्तकात, बारमध्ये किंवा पडद्यावर दिसलं, तर तेवढ्यावर थांबू नका. रेड हॉर्सची चित्रं शोधा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि आधी रेड हॉर्सची पाहा.